सूक्ष्म नमुने आणि उजेडाचा जमाखर्च

तांदळाचा दाणा, मुंगीचे डोके, पाणगेंदाचे बी, उड्या मारणाऱ्या कोळ्याचा डोळा किंवा डासाची अळी यांसारखा, ज्याची लांबी काही मिलिमीटरांच्या पलीकडे जात नाही असा एखादा जिन्नस छायाचित्रासाठी समोर ठेवला म्हणजे कॅमेरा कोणता आणि भिंग कोणते या प्रश्नांची चर्चा जितक्या हिरिरीने होते, तितकी त्यावर उजेड कोठून, किती आणि कोणत्या जातीचा पाडावयाचा या प्रश्नाची होत नाही. आणि तरीही चित्रात अखेर काय दिसावयाचे व काय लपावयाचे याचा निवाडा भिंगापेक्षा उजेडच अधिक वेळा करीत असतो. हा अनुभव आजचा नव्हे. १६६५ साली रॉबर्ट हुक यांचा ‘मायक्रोग्राफिया’ प्रसिद्ध झाला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी अशी कैफियत मांडली आहे की माशीचा डोळा एका उजेडात भोके पाडलेल्या जाळीसारखा, उन्हात सोनेरी खिळे ठोकल्यासारखा, तर किंचित फिरविला असता शंकूंच्या रांगांनी भरल्यासारखा दिसतो. म्हणूनच कोणतीही आकृती कायम करण्यापूर्वी ती वस्तू नाना प्रकारच्या उजेडांत पाहून तिचे खरे रूप ताडण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला होता. हुक यांच्या हातात पेन्सिल होती, म्हणून अनेक दर्शनांतून एक निष्कर्ष काढून तो कागदावर उतरविण्याची मुभा त्यांना होती. छायाचित्रकाराला ती नाही. त्याच्या चित्रात त्या क्षणीचा एकच उजेड उतरतो, आणि पाहणारा मात्र तेच वस्तूचे स्वरूप म्हणून मान्य करून मोकळा होतो.

या प्रश्नाचा विचार रायगड जिल्ह्यातल्या कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावात बसून करण्यात काही सोयी आहेत आणि काही अडचणीही आहेत. सोय ही की नमुन्यांना तोटा नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस घेणारा हा इलाखा. भोवती भातखाचरे, पलीकडे उल्हास नदी, वर भीमाशंकर-माथेरानच्या डोंगररांगा आणि गावाच्या हाकेवर कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र, ज्याने ‘कर्जत-३’, ‘कर्जत-१८४’ यांसारखे वाण कोकणातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे केले. खोडकिडीचे पतंग, तपकिरी तुडतुडे, गादमाशी, निळे भुंगेरे हे भाताचे शत्रू दाराशी येतात, आणि त्यांना खाणारे कोळी व चतुर त्यांच्या मागोमाग. विजेच्या बाबतीत तर या भागाचा इतिहास मुंबईपेक्षा कमी मानाचा नाही: टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली आणि कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांत जो प्रवाह खेळला तो याच डोंगरांच्या कुशीत जन्मला. अडचणींचा तपशील पुढे ओघाने येईल.

प्रथम प्रश्न असा की लहान वस्तूलाच उजेडाची एवढी टंचाई का भासावी. याचे उत्तर प्रकाशशास्त्राच्या एका सरळ हिशेबात आहे. भिंगाचे अ‍ॅपर्चर एफ-८ वर असताना वस्तूची प्रतिमा तिच्या मूळ आकाराइतकी मोठी पाडू गेले की तेच भिंग एफ-१६ सारखे वागू लागते आणि उजेड चौथाईवर येतो. प्रतिमा मूळच्या चौपट केली तर तो पंचविसाव्या हिश्श्यावर उतरतो. त्यातच स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी झपाट्याने घटते: दहापट वर्धनाचे जे वस्तुभिंग अशा कामाला सर्रास वापरतात, त्याखाली एका वेळी जेमतेम ७ मायक्रोमीटरांचा थर नीट दिसतो, आणि माणसाचा केस त्याहून सहज आठ-दहापट जाड असतो. हा थर वाढावा म्हणून अ‍ॅपर्चर बारीक करावे, तर उजेड आणखी आटतो व विवर्तनाने सारेच चित्र पुसट होते. शिवाय भिंग आणि नमुना यांच्यामधली फट कित्येकदा दोन-चार सेंटिमीटरांची असते, आणि जो काही उजेड आत शिरवावयाचा तो त्याच फटीतून, भिंगाची स्वतःची सावली चुकवून शिरवावा लागतो. तात्पर्य, येथे उजेड पुष्कळ हवा, जवळून हवा, आणि तरीही तो बोचरा नको, अशा तीन परस्परविरोधी मागण्या एकदम पुऱ्या करावयाच्या असतात.

बोचरेपणा हा दिव्याच्या शक्तीवर अवलंबून नसून नमुन्याच्या जागेवरून दिवा किती मोठा दिसतो यावर अवलंबून असतो, ही गोष्ट एकदा ध्यानात आली म्हणजे निम्मी कोडी सुटतात. सूर्य प्रचंड खरा, परंतु आपल्याला तो अवघ्या अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून त्याच्या उन्हात मुंगीच्या कपाळावर एक पांढरा ठिपका आणि हनुवटीखाली काळोख, एवढेच हाती लागते. उलट तीन सेंटिमीटर रुंदीचा पातळ कागद नमुन्यापासून तीन सेंटिमीटरांवर धरून त्यामागे दिवा लावला, तर तो कागद मुंगीच्या दृष्टीने पन्नासहून अधिक अंशांचे आकाश व्यापतो. तोच कागद दिव्याच्या तोंडाला चिकटवून दिवा हातभर दूर ठेवला, तर तो लावल्याचे समाधान मिळते, फरक पडत नाही. पतंगाचा कागद, बटर पेपर, थर्माकोलचा अर्धगोल, तळ कापलेला दह्याचा पांढरा डबा, दोन भाग केलेला टेबल-टेनिसचा चेंडू या सर्व वस्तूंचे कार्य एकच, आणि बाजारात मिळणारे महागडे डिफ्यूझर त्याहून निराळे काही करीत नाहीत. आषाढ-श्रावणात मळभ दाटले की आभाळच असे एक अवाढव्य विसारक होऊन बसते; मात्र त्या उजेडाची मात्रा इतकी अल्प असते की जिवंत किडा ती पुरी होईपर्यंत स्थिर राहत नाही.

चोहोंकडून येणाऱ्या या मऊ उजेडाचा लाभ असा की रंग खरे येतात, चकाकी पसरते, सावल्यांच्या खाली दडलेले पाय व मिशा दिसू लागतात. आणि म्हणूनच अलीकडे तो जवळजवळ नियम होऊन बसला आहे. परंतु या जमेसमोर खर्चाची बाजू आहे. सावली हीच उंचसखलपणाची मुख्य खूण असल्यामुळे, सावली काढून टाकली की पृष्ठभाग सपाट भासतो. भाताच्या तुसाचे उदाहरण घ्यावे. तुसावर लांबीच्या दिशेने बारीक गाठींच्या रांगा असतात. मऊ उजेडात त्या रांगा दिसतही नाहीत, केवळ एक पिवळसर खरबरीतपणा जाणवतो. दिवा खाली आणून तुसाच्या कडेने, रांगांना आडवा, जवळजवळ पृष्ठाला घासून जाईल असा सोडला की प्रत्येक रांग आपली सावली शेजारच्या चरात टाकते व सारी रचना उठून येते. आता तोच दिवा, त्याच उंचीवर, फक्त तुसाच्या टोकाकडून लांबीच्या दिशेने आणावा: चर नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी सुट्या सुट्या गाठी दिसतात, कारण उजेडाला समांतर असलेल्या चराची सावली पडत नाही. याच कारणाने तिरकस उजेडाचा उपयोग करणाऱ्याने उजेडाची उंची सांगितली पण दिशा सांगितली नाही, तर त्याने अर्धाच मजकूर दिला असे समजावे.

या बाबतीत शास्त्रीय चित्रकारांनी फार पूर्वीच एक शिस्त लावून घेतली होती, ती अशी की उजेड नेहमी चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून आला असे धरावयाचे. हेतू शोभेचा नव्हता. उजेड खालून आला असता पाहणाऱ्याच्या डोळ्याला खळगा उंचवट्यासारखा व उंचवटा खळग्यासारखा भासतो, हा धोका त्याने टळतो. जीवाश्मांचे अभ्यासक तर याच्याही पुढे जाऊन नमुन्यावर नवसागराच्या धुराचा पांढरा, सहज पुसता येणारा लेप देतात, म्हणजे रंगाची दिशाभूल संपते आणि तिरकस उजेडाला केवळ आकाराशी व्यवहार करावा लागतो. आपल्या सड्यांवर आणि पठारांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या पाणगेंदाच्या जाती ठरविताना अर्ध्या मिलिमीटराच्या आसपासच्या बियांच्या पृष्ठावरील नक्षी पाहावी लागते. तेथेही मऊ उजेड निरुपयोगी ठरून तिरकस उजेडच कामी येतो, आणि त्याची मर्यादा संपली की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा आश्रय घ्यावा लागतो. तिरकस उजेडाच्या खर्चाच्या रकान्यात मात्र हे नमूद केले पाहिजे की तो रंगाविषयी फारसे बोलत नाही, केसाळ कीटकावर प्रत्येक केसाची सावली टाकून गोंधळ माजवितो, आणि सावलीत गेलेला अर्धा भाग कायमचा गमावतो.

तिरकस उजेडाच्या अगदी उलट टोकाला भिंगाच्या अक्षातूनच उतरणारा उजेड आहे. अठराव्या शतकात योहान लीबरक्यून या जर्मन वैद्याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या साधनात भिंगाभोवती रुप्याचा अंतर्गोल आरसा बसवून खालून आलेला उजेड परतवून अपारदर्शक वस्तूवर पाडीत. आज तेच काम पंचेचाळीस अंशांत धरलेल्या काचेच्या पातळ तुकड्याने होते. सपाट व चकचकीत पृष्ठे, फुलपाखराच्या पंखावरील खवले, माशाच्या कानातील कण यांना हा उजेड मानवतो. गोलाकार वस्तूवर मात्र मधोमध एक झगझगीत डाग आणि भोवती अंधार अशी गत होते. भिंगाभोवतीचा वलयाकार दिवा, जो दंतवैद्यांच्या छायाचित्रणातून सर्वत्र पसरला, त्याचीही जात हीच. सोयीचा म्हणून तो अनेकांच्या हाती असतो. परंतु कोळ्याच्या चेहऱ्याचे चित्र घेताच मधल्या दोन मोठ्या डोळ्यांत त्याची दोन शुभ्र कडी उमटतात, आणि डोळ्याचा रंग व खोली यांविषयी काही सांगण्याऐवजी ते चित्र दिव्याचीच जाहिरात करते.

येथवर उजेड वस्तूवर आदळून परतण्याचा विचार झाला. तो वस्तूतून आरपार नेण्याचा मार्ग निराळाच मजकूर हाती देतो, आणि त्याचा धडा देण्यास तांदळाच्या दाण्याइतका चांगला शिक्षक नाही. काही दाण्यांच्या पोटाशी खडूसारखा पांढरा डाग असतो. असा दाणा गिरणीत सहज मोडतो व बाजारात कमी दराने जातो, म्हणून वाण निवडणाऱ्याला त्याची मोजदाद करावी लागते. काळ्या कापडावर दाणा ठेवून वरून उजेड पाडला तर हा डाग शुभ्र दिसतो, आणि बाकीचा दाणा धुरकट, अर्धपारदर्शक. तोच दाणा दुधी काचेवर ठेवून खालून उजेड दिला की डाग एकदम काळा पडतो व उरलेला दाणा उजळतो. दाण्यात बदल काही झालेला नसतो. डागाच्या ठिकाणी पिष्टकण सैल बसलेले असून त्यांच्यामध्ये हवेच्या फटी असतात. तेथे शिरलेला उजेड इतस्ततः विखुरतो, म्हणून वरून पाहणाऱ्याला तो भाग पांढरा आणि खालून येणाऱ्या उजेडाला तो अडसर. आणि आता खालचा दिवा थोडा बाजूला सरकवावा, म्हणजे ज्या बारीक तड्याचा वरच्या उजेडात मागमूस नव्हता, तो दाण्याच्या आडव्या अंगाने रेघ ओढल्यासारखा दिसू लागतो. डाग मोजावयाचा असेल तर पहिला किंवा दुसरा उजेड, तडा शोधावयाचा असेल तर तिसरा. तिन्ही कामे एकाच चित्रावर लादू पाहणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

कोळ्यांच्या अभ्यासात आरपार उजेडाचे महत्त्व याहूनही अधिक, कारण तेथे जातीची ओळख पुष्कळदा मादीच्या पोटाखालच्या एका सूक्ष्म जननेंद्रियाच्या आतील नलिकांच्या वळणांवर ठरते. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात वर्णिली गेली व २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात प्राणार्पण करणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला ‘आयसियस तुकारामी’ असे नाव देण्यात आले. कर्जतच्याच लोहमार्गावरच्या भागात सापडणाऱ्या अशा जिवाचे बाह्यरूप मऊ उजेडात टिपले तरी जातीचा पुरावा म्हणून तेवढे पुरत नाही. अशा कामी हे अवयव दाहक पोटॅशच्या द्रावणात किंवा लवंगेच्या तेलात ठेवून पारदर्शक करतात आणि खालून उजेड देऊन त्यांचे चित्र घेतात. या पद्धतीला शिस्त आली ती ऑगस्ट क्योलर यांनी १८९३ साली दिव्याची प्रतिमा नमुन्यावर न पडता उजेड मात्र सर्वत्र सारखा पडेल अशी रचना सांगितल्यापासून; आजचा बहुतेक प्रत्येक चांगला सूक्ष्मदर्शक त्याच रचनेवर चालतो.

आरपार उजेडाचाच एक वळविलेला प्रकार कृष्णक्षेत्राचा. खालून येणाऱ्या उजेडाच्या मधोमध काळी चकती ठेवून सरळ किरण अडवावयाचे आणि केवळ कडेचे तिरपे किरण वर सोडावयाचे. ते भिंगात शिरत नाहीत, म्हणून पार्श्वभूमी काळी राहते, आणि नमुन्याने विखुरलेला उजेड तेवढा भिंगात येतो. रेव्हरंड रीड यांनी १८३७ च्या सुमारास ही युक्ती वापरात आणली. भातखाचराच्या पाण्याचा थेंब या उजेडात पाहिला असता साध्या उजेडात जवळजवळ अदृश्य असणारे चक्रधर जीव, डासाच्या अळीचे केस, शेवाळाचे धागे चांदीच्या तारेसारखे उजळतात. साधन म्हणाल तर काचेच्या तुकड्यावर चिकटविलेली काळ्या कागदाची चकती पुरे. खर्च एवढाच की पाण्यातला प्रत्येक धुलिकणही तितक्याच दिमाखाने उजळतो, आणि काच धुण्यात कुचराई करणाऱ्याची लबाडी लगेच उघडी पडते.

चकाकीचा प्रश्न स्वतंत्र विचाराला पात्र आहे. भुंगेऱ्याच्या पाठीवरून, गोगलगाईच्या शंखावरून, ओल्या बेडकाच्या कातडीवरून जो उजेड आरशासारखा परततो, तो खालचा रंग व नक्षी झाकून टाकतो. त्यावर उपाय म्हणून दिव्यासमोर ध्रुवक पडदा लावून उजेड एकाच प्रतलात कंपू द्यावयाचा, आणि भिंगासमोर त्याला काटकोनात दुसरा पडदा लावावयाचा: पृष्ठावरून सरळ परतलेला उजेड आपले ध्रुवण कायम ठेवतो म्हणून दुसऱ्या पडद्यावर अडतो, आत शिरून विखुरलेला उजेड मात्र ते गमावून बसतो म्हणून पार होतो. चकाकी जवळजवळ नाहीशी होऊन खालचे रंग गडद व स्पष्ट येतात. दोन्ही पडद्यांत मिळून उजेडाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग खर्ची पडतो. पण खरी किंमत ती नव्हे.

कण्हेरीच्या झाडावर ‘कॉमन क्रो’ या काळपट तपकिरी फुलपाखराचे कोष लटकलेले असतात. रुप्याची कलई दिल्यासारखा चकाकणारा हा कोष पाहणाऱ्याला प्रथम खोटाच वाटतो. ती चकाकी कोणत्याही रंगद्रव्याची नसून कोषाच्या आवरणातील अनेक अतिपातळ थरांवरून परतणाऱ्या किरणांच्या परस्परमिलाफाची आहे. अशा कोषावर काटकोनी ध्रुवकांची जोडी वापरली की रुपे बहुतांशी मावळून एक फिकट तपकिरी कवच उरते; म्हणजे जो गुण टिपण्यासाठी चित्र घेतले तोच गुण चित्रातून हद्दपार झाला. साधा दिवा वापरावा तर चार पांढरे ठिपके आणि उरलेला कोष काळा. येथे मार्ग एकच: कोष हा आरसा आहे हे मान्य करून त्याच्या भोवती काय ठेवावयाचे याचा विचार करणे. एका बाजूला पांढरा कागद, दुसऱ्या बाजूला अरुंद काळी पट्टी, असे त्याचे आभाळ रचले की पट्टीचे प्रतिबिंब कोषाच्या गोलाईवरून वाकत जाते व गोलाईही दिसते आणि रुपेही. हे काम कोष जिवंत असतानाच उरकावे लागते. फुलपाखरू बाहेर पडले व कवच वाळले की थर बदलतात आणि चकाकी पुन्हा येत नाही. रचनेतून उपजणाऱ्या अशा रंगांचे कुतूहल मोठमोठ्यांना वाटले आहे: अल्बर्ट मायकेलसन यांनी १९११ साली काही भुंगेऱ्यांवरून परतणारा उजेड वर्तुळाकार ध्रुवित असल्याचे दाखविले, आणि आपल्याकडे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिंपल्यांच्या इंद्रधनुषी रंगांचा अभ्यास केला. ध्रुवकाचा सरसकट वापर करणाऱ्याने हा इतिहास विसरू नये.

चकाकी घालविण्याचा याहून जुना व स्वस्त मार्ग म्हणजे नमुना द्रवात बुडविणे. कीटकाच्या कवचाचा अपवर्तनांक सुमारे १.५६, हवेतून सरळ आलेल्या उजेडापैकी जवळजवळ ५ टक्के त्याच्या पृष्ठावरून परततो. तेच कवच १.३६ अपवर्तनांकाच्या अल्कोहोलात असेल तर परतणारा उजेड अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, म्हणजे चकाकी दशांशावर. संग्रहालयातील मऊ अंगाचे जीव नाही तरी अल्कोहोलातच ठेवलेले असतात, त्यामुळे त्यांना बाहेर काढून वाळविण्याऐवजी तेथेच त्यांचे चित्र घेणे शहाणपणाचे. नमुना तरंगू वा कलंडू नये म्हणून बशीच्या तळाशी हात निर्जंतुक करण्याची पारदर्शक जेल घालून त्यात त्याला हवा तसा रोवतात. कोविडच्या साथीने ही जेल घरोघर पोहोचविली, तो या विद्येला झालेला एक अनपेक्षित लाभ. द्रवाच्या पृष्ठावर दिव्याचे प्रतिबिंब पडते, ते टाळण्यासाठी दिवे बशीच्या कडेने आत सोडावे लागतात. आणि केसाळ जीव द्रवात घालताना केसांत अडकलेले बुडबुडे घालविले नाहीत तर प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र दिव्यासारखा चमकतो.

अतिनील उजेडाचा प्रकार या सर्वांहून वेगळा, कारण येथे वस्तूवर पडणारा उजेड आपल्याला दिसत नाही. वस्तू तो शोषून स्वतःचा दृश्य उजेड बाहेर टाकते, तो आपण पाहतो. विंचवाचे कवच या गुणासाठी प्रसिद्ध असून ३६५ नॅनोमीटरांच्या आसपासच्या दिव्याखाली ते निळसर हिरवे उजळते. रायगड जिल्ह्याला विंचवाचे महत्त्व सांगावे लागत नाही, महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनच्या उपचाराने असंख्य प्राण वाचविले, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. रात्री विंचू शोधण्यास व मोजण्यास अतिनील दिव्यासारखे साधन नाही. परंतु त्या उजेडात घेतलेल्या चित्रावरून विंचवाचा रंग सांगू पाहणे म्हणजे व्यर्थ खटाटोप, कारण पिवळा, लाल आणि काळा हे तिन्ही तेथे एकाच हिरव्या रंगात बुडतात. शिवाय नुकतीच कात टाकलेला विंचू मुळीच उजळत नाही, त्यामुळे न दिसणे हा नसल्याचा पुरावा होत नाही. भिंगासमोर पिवळसर गाळणी लावून दिव्याचा उरलासुरला निळा उजेड अडवावा आणि डोळ्यांवर योग्य चष्मा असावा, एवढी खबरदारी पुरे.

रंगाच्या खरेपणाविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे, तो असा की पांढरा दिसणारा प्रत्येक दिवा सारखाच पांढरा असतो. छायाचित्रणाच्या जुन्या तारेच्या दिव्याचा उजेड सुमारे ३२०० केल्व्हिनचा, पिवळट पण अखंड. फ्लॅशचा सुमारे ५५०० केल्व्हिनचा, दिवसासारखा. आजचे पांढरे एलईडी मात्र निळ्या उजेडावर पिवळे द्रव्य चढवून बनविलेले असल्याने त्यांच्या वर्णपटात निळ्याचा एक उंच शेंडा आणि त्यालगत निळसर हिरव्याच्या जागी खोलगट असते. हलक्या दिव्यांत तांबड्याचीही वाण असते. निळ्या भुंगेऱ्याचा निळा आणि तुडतुड्याचा तपकिरी यांत अशा दिव्याखाली जो फरक पडतो, तो नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी पुरता भरून निघत नाही. पार्श्वभूमीचाही रंगाशी व आकाराशी संबंध आहे: पांढऱ्या पार्श्वभूमीचा उजेड कडांवर चढून बारीक केस खाऊन टाकतो, काळ्या पार्श्वभूमीत काळे पाय हरवतात, म्हणून ओळखीच्या चित्रासाठी मध्यम राखाडी पार्श्वभूमी आणि तिच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर काचेवर ठेवलेला नमुना ही योजना सर्वांत कमी वादाची. सावली काचेखाली निघून जाते व चौकटीबाहेर पडते.

आता भिसेगावच्या अडचणीकडे वळू. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना भोर घाटाची ३७ फुटांत १ फूट अशी चढण चढण्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिने लागतात. गाडी थांबते, इंजिन जोडले जाते, सारा लवाजमा पुन्हा हलतो, आणि रुळांलगतच्या घरांतल्या टेबलाला ती हालचाल कळते. डोळ्याला न दिसणारा ५ मायक्रोमीटरांचा हेलकावा पाचपट वर्धनात प्रतिमेवर २५ मायक्रोमीटरांचा होतो, म्हणजे चित्र वाया. सतत जळणाऱ्या दिव्याखाली अर्धा सेकंद उघडझाप करणाऱ्याला यावर इलाज नाही. त्याला गाड्यांचे वेळापत्रक पाठ करून मधल्या निवांत मिनिटांत काम उरकावे लागते, आणि वीज गेली की तेही नाही. शिवाय मुख्य वाहिनीवरचे हलके दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकत असल्याने लहान उघडझापीत उजेडाची मात्रा चित्रागणिक बदलते. फ्लॅश या तिन्ही संकटांतून सोडवितो: हॅरल्ड एजर्टन यांनी अमेरिकेत १९३० च्या दशकात विकसित केलेल्या या विद्युत्‌-स्फुरणाची आजची साधी आवृत्तीही कमी शक्तीवर सेकंदाच्या दहा-वीस हजाराव्या हिश्श्यात विझते, तेवढ्यात टेबल हलत नाही, ती बॅटरीवर चालते, आणि तिचा उजेड थंड असल्याने जिवंत अळी सुकत नाही. तिचा दोष एवढाच की परिणाम चित्र घेतल्यावरच कळतो. म्हणून पुष्कळ अनुभवी लोक उजेडाची रचना लहान एलईडीने ठरवितात आणि चित्र फ्लॅशने घेतात.

सात-सात मायक्रोमीटरांचे शेकडो थर वेगवेगळे टिपून संगणकाने एकत्र सांधण्याची पद्धत रूढ झाल्यापासून प्रकाशयोजनेवर एक नवी जबाबदारी आली आहे. नमुना सरकत असेल तर दिवेही त्याच्याबरोबर सरकले पाहिजेत, कारण दर चित्रात चकाकीचा ठिपका जरासा हलला तर सांधलेल्या प्रतिमेत त्याची एक पांढरी वाट उमटते. या मार्गाचा कळस ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हन बिस यांच्या २०१६ च्या ‘मायक्रोस्कल्प्चर’ या कामात दिसतो: ऑक्सफर्डच्या संग्रहालयातील एकेका कीटकाचे त्यांनी सुमारे तीस भाग पाडले, प्रत्येक भागाला त्याच्या पृष्ठाप्रमाणे स्वतंत्र उजेड दिला, आणि आठ ते दहा हजार चित्रांतून एक कीटक उभा केला. दर्शनसुखाच्या दृष्टीने ते काम अद्वितीय आहे. परंतु असा कीटक कोणत्याही एका उजेडात कोणी कधी पाहिलेला नाही, हेही तितकेच खरे. याच्या उलट दिशेचा विचार टॉम मॅल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडला: कॅमेरा व नमुना अचल ठेवून अनेक ठरीव दिशांनी उजेड पाडावयाचा व ती सर्व चित्रे अशी साठवावयाची की पुढे पाहणाऱ्याला पडद्यावर दिवा हवा तसा फिरविता यावा. नाणी, शिलालेख व जीवाश्म यांवर ही पद्धत यशस्वी ठरली असून कठीण पृष्ठाच्या कीटकांना व बियांना ती लागू करण्यात तत्त्वतः अडचण नाही. हुक यांनी डोळ्याने केलेली तुलना तीत प्रत्येक वाचकाच्या स्वाधीन होते.

सारा हिशेब एकत्र केला असता असे दिसते की वर वर्णिलेल्या पद्धतींपैकी एकही दुसरीची जागा घेऊ शकत नाही. मऊ उजेड रंग देतो व उठाव घेतो. तिरकस उजेड उठाव देतो व रंग घेतो. आरपार उजेड अंतरंग देऊन पृष्ठ पुसतो. ध्रुवक नक्षी देऊन तेज हिरावतो. अतिनील दिवा अस्तित्व सिद्ध करून ओळख बुडवितो. सबब ‘उत्तम उजेड कोणता’ हा प्रश्नच गैरलागू असून ‘या नमुन्याबाबत मला काय ठरवावयाचे आहे’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे, आणि ज्या नमुन्यावरून जात ठरावयाची किंवा वाणाची प्रत ठरावयाची, त्याची किमान दोन चित्रे, एक मऊ व एक तिरकस किंवा आरपार उजेडातले, घेण्याचा प्रघात पडला पाहिजे.

याहूनही निकडीची सुधारणा दप्तराची आहे. मुंबईची १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी असो, १९५९ पासून पुण्यात असलेले प्राणिसर्वेक्षण खात्याचे पश्चिम विभागीय केंद्र असो, की गावातल्या हौशी निरीक्षकाची वही असो, नमुन्याच्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख, संग्राहक यांची नोंद होते. चित्रात मोजपट्टीही असते. उजेडाची नोंद मात्र क्वचितच आढळते. ती करावयास एक ओळ पुरते: ‘फ्लॅश, डावीकडून वर तीस अंश, बटर पेपर चार सेंटिमीटरांवर, ध्रुवक नाही, राखाडी पार्श्वभूमी.’ ज्या दिवशी दोन निरीक्षकांची दोन चित्रे शेजारी ठेवून त्यांतल्या भुंगेऱ्यांच्या दोन जाती की एकच असा वाद उपस्थित होईल, त्या दिवशी फरक किड्यात आहे की दिव्यात, याची रुजुवात करण्याचे दुसरे कोणतेही साधन उपलब्ध असणार नाही. आणि ही ओळ नसेल, तर ती चित्रे कितीही देखणी असली तरी त्या वादात पुरावा म्हणून दाखल करून घेता येणार नाहीत.